रोल धुणे म्हणजे नक्की काय? कृष्णधवल फिल्म घरच्या घरी



"रोल धुवायला दिलाय" हे वाक्य आज चौथीच्या वर्गात म्हणून बघा. मुलं नुसती बघत राहतात. कपडे धुतात, भांडी धुतात, फोटो कसा काय धुणार? गंमत म्हणजे आपण तिशी-चाळिशीतली माणसं, आपल्याला हे वाक्य पाठ आहे, पण दुकानाच्या आत काय चालायचं ते आपल्यालाही कुणी दाखवलेलं नाही. छत्तीस फोटोंचा रोल संपला, दुकानात दिला, चार दिवसांनी पाकीट घेऊन आलो. मधलं सगळं बंद दाराआड.

आजचा लेख त्या बंद दाराआडच्या कामाबद्दल आहे. कृष्णधवल फिल्म घरी डेव्हलप करता येते. आमच्या बावधनच्या फ्लॅटमध्येसुद्धा, रात्री बाथरूममध्ये, तासा-दीड तासात होण्यासारखं काम आहे. पण यात रसायनं आहेत, घरात लहान मुलं असतात, आणि काम चुकलं तर तो फोटो पुन्हा मिळत नाही. म्हणून मुलांनी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे मी स्पष्टच लिहिणार आहे.

दादरचं एक घर

घरी फिल्म धुण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके. परिसर अभ्यास शिकवताना आपण "भारतीय चित्रपटाचे जनक" एवढं सांगून पुढे जातो. पण त्यांच्या घरात काय चाललं होतं ते मुलांना सांगितलं तर मुलं जास्त लक्ष देतात.

१९१२ च्या सुरुवातीला फाळके लंडनला गेले आणि दोन महिन्यांत विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. बरोबर फिल्मला कडेने छिद्रं पाडायचं यंत्रही घेतलं होतं, कारण त्या काळात कच्ची फिल्म छिद्रांशिवाय यायची. ती छिद्रं पाडायची कुणी? सरस्वतीबाई फाळके यांनी. रात्री, अंधारात. दिवसभर स्वयंपाक, मुलंबाळं, चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचं जेवण, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं, आणि रात्री फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं मिसळणं, फिल्म धुणं. पैशासाठी त्यांचे दागिनेही गेले. आपल्या पुस्तकांत फाळक्यांचा फोटो असतो, सरस्वतीबाईंचा क्वचितच. वर्गात हा धडा घेताना मी दोघांची नावं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते.

"राजा हरिश्चंद्र" ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. त्याची लांबी ३७०० फूट. आता हे गणित पाचवीच्या मुलांना घालून बघा: ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, तर ३७०० फुटांत किती? ५९,२००. आपल्या छत्तीसच्या रोलांत मोजायचं तर सोळाशेहून जास्त रोल. एवढं सगळं हाताने धुतलेलं! त्या काळी लांब फिल्म लाकडी चौकटीवर किंवा पिंपावर गुंडाळून रसायनाच्या टाकीत बुडवायची पद्धत होती. आपण घरी पाच-सव्वापाच फूट लांब फिल्म धुणार आहोत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

अजून एक गोष्ट खास आपल्या प्राथमिकच्या शिक्षकांसाठी. "राजा हरिश्चंद्र"च्या आधी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर अंकुर फुटून वेल काही क्षणांत वर चढताना दिसला. पैसे घालणाऱ्यांना पटवायला ती दाखवली होती. तिसरीत आपण ओल्या कापडात मटकीला मोड आणतो तोच हा प्रयोग आहे, फक्त कॅमेऱ्यासमोर केलेला.

फिल्मवर काय असतं

फिल्म म्हणजे प्लास्टिकची पट्टी, त्यावर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिशय बारीक कण. (जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. मुलं विचारतात, तर खरं ते सांगावं.) कॅमेऱ्याचं बटण दाबलं की क्षणभर उजेड आत येतो. ज्या कणांवर उजेड पडला त्यांच्यात अगदी किंचित बदल होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातूनही चित्र म्हणून दिसत नाही. म्हणजे फोटो काढलेला असतो पण उमटलेला नसतो.

डेव्हलपर हे रसायन काय करतं, तर उजेड लागलेल्या कणांतून खरी धातूरूप चांदी मोकळी करतं. इतकी बारीक चांदी चमकत नाही, काळी दिसते. जिथे उजेड जास्त तिथे काळं जास्त. म्हणून निगेटिव्हमध्ये पांढरा शर्ट काळा आणि काळे केस पांढरे.

पण उजेड न लागलेले कण अजून तिथेच आहेत. ते तसेच ठेवून फिल्म बाहेर काढली तर उजेडाने हळूहळू तेही काळवंडतील आणि चित्र जाईल. त्यांना विरघळवून काढणारं रसायन म्हणजे फिक्सर, जुने फोटोग्राफर ज्याला "हायपो" म्हणत. जॉन हर्शेल यांना हायपोचा हा गुण १८१९ मध्येच कळला होता, फोटोग्राफी जाहीर व्हायच्या वीस वर्षं आधी!

आता क्रम लक्षात घ्या. आधी डेव्हलपर, मग फिक्सर. उलटं झालं तर फिक्सर सगळेच कण विरघळवतो आणि हातात काचेसारखी कोरी पट्टी येते. यावर काही उपाय नाही. म्हणून बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत १, २, ३ लिहा आणि त्याच क्रमाने ओळीत मांडा.

अंधार म्हणजे किती अंधार?

सिनेमात डार्करूम दाखवली की लाल दिवा असतोच. तो दिवा कागदावर फोटो छापताना चालतो. फाळक्यांच्या काळची फिल्मही लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती, त्यामुळे लाल उजेडात काम होत असे. आजची कृष्णधवल फिल्म सगळे रंग ओळखते, लालसुद्धा. म्हणून तिला पूर्ण काळोख लागतो.

बाथरूममध्ये दार लावून, फटीला टॉवेल खुपसून पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावल्यावर स्वतःचा हात दिसायला लागला तर तो अंधार पुरेसा नाही. लोक खिडकी झाकतात आणि गीझरच्या बटणाचा लाल दिवा विसरतात. हातातलं स्मार्ट घड्याळ विसरतात. मोबाइल तर बाहेरच ठेवा. हे सगळं नको असेल तर चेंजिंग बॅग मिळते, बाह्या असलेली दुहेरी काळी पिशवी. माझ्या मते फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तीच घ्यावी.

अंधारात करायचं काम एकच: डबीतून फिल्म काढून चक्रीवर गुंडाळायची, चक्री टाकीत ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. टाकीची रचना अशी असते की रसायन आत जातं पण उजेड जात नाही. झाकण लागलं की दिवा लावा, पुढचं सगळं उजेडात.

हे एकच काम सगळ्यात अवघड आहे. त्यासाठी एक वाया गेलेला रोल घ्या. आधी उजेडात बघून गुंडाळा, मग डोळे मिटून, मग अंधारात. चक्री पूर्ण कोरडी हवी. थोडा ओलावा असला तरी जिलेटिन चिकटतं आणि फिल्म मध्येच अडकते, मग माणूस घामाघूम होतो आणि घामाने आणखी चिकटतं. हा वाया गेलेला रोल गुंडाळायचा खेळ मुलांना जरूर द्या. डोळ्यांना पट्टी बांधून शंभर टक्के रमतात, आणि यात रसायन काहीच नाही.

रोल विकत घेताना डबीवर "सी-४१" लिहिलेलं नाही ना, बघा. तशी फिल्म रंगीत रोलच्या रसायनात धुतात. आपल्याला साधी कृष्णधवल हवी.

प्रत्यक्ष कृती

एका रोलच्या टाकीत साधारण ३०० मिली द्रावण मावतं. कोडॅकचा डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासून चालत आलेला आहे आणि शिकायला तोच बरा. तयार द्रावण १५० मिली आणि पाणी १५० मिली, म्हणजे एकास एक. इलफर्डच्या एचपी फाइव्ह प्लस या फिल्मला या प्रमाणात २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटं लागतात. दुसऱ्या फिल्मला वेळ वेगळा, तो तिच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात दिलेला असतो.

डेव्हलपर ओतला की टाकी टेबलावर एक-दोनदा हलकेच आपटा, बुडबुडे निघून जातात. बुडबुडा चिकटला तर तिथे गोल डाग पडतो. पहिलं अर्धं मिनिट टाकी सावकाश उलटीसुलटी करत राहा, नंतर दर मिनिटाला दहा सेकंद. जोरात घुसळायचं नाही, ताक नाही करायचं. वेळ संपली की डेव्हलपर ओतून टाका आणि स्टॉप बाथ घाला. घरचं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग, अर्धा-एक मिनिट. डेव्हलपरचं काम आम्लात थांबतं. मग फिक्सर: रॅपिड फिक्सरला तीन ते पाच मिनिटं, साध्या हायपोच्या पावडरीला आठ-दहा मिनिटं. यानंतर टाकी उघडून बघितली तरी चालतं. ओली पट्टी दिव्यासमोर धरली की चित्रं दिसतात! आमच्या घरी या क्षणाला सगळे बाथरूमच्या दारात गोळा होतात.

मग धुणं. म्हणजे खरंखुरं पाण्याने धुणं. फिक्सर फिल्मवर राहिला तर काही वर्षांनी पिवळे डाग पडतात. जुनी पुस्तकं अर्धा तास वाहत्या नळाखाली ठेवा म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर मोजून घ्यावे लागतात, तिथे हे शोभत नाही आणि गरजेचंही नाही. टाकीत पाणी भरा, पाच वेळा उलटी करा, ओता. नवीन पाणी, दहा वेळा, ओता. पुन्हा नवीन पाणी, वीस वेळा, ओता. तीन टाक्या पाणी, म्हणजे लिटरभरात काम झालं. ही इलफर्ड कंपनीने सांगितलेली पद्धत आहे आणि पाणी वाचवण्याच्या धड्याला उत्तम उदाहरण आहे. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड किंवा आरओचं घ्या. टँकरच्या, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके फिल्मवर राहतात आणि नंतर पुसून निघत नाहीत.

वाळवायला बाथरूमच्या दोरीवर चिमट्याने टांगा, खालच्या टोकाला अजून एक चिमटा वजनासाठी. पंखा बंद. सुकलं की सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या कापा.

आपल्याकडचा उन्हाळा

कंपन्यांचे तक्ते २० अंशाचे. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी अंघोळीला गरम केल्यासारखं येतं. गरम द्रावणात डेव्हलपर जलद काम करतो, दर अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. २० अंशाची ११ मिनिटं २४ अंशाला साडेसात-आठ मिनिटांवर येतात. त्याच्याही वर गेलं तर वेळ इतका थोडा उरतो की फिल्म कुठे जास्त, कुठे कमी डेव्हलप होते. शिवाय जिलेटिन फुगून मऊ पडतं आणि एका गरम, एका गार द्रावणात बुडवलं तर त्यावर बारीक सुरकुत्या येतात.

उपाय स्वयंपाकघरात आहे. माठ. रात्रभर ठेवलेल्या माठातलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा बरंच गार असतं, आणि उन्हाळ्यातली पुण्याची हवा कोरडी असल्यामुळे माठ चांगला चालतो. घमेल्यात माठाचं पाणी घेऊन त्यात सगळ्या बाटल्या अर्धा तास उभ्या करा, लागलं तर बर्फाचे खडे घमेल्यात टाका (बाटलीत नाही). थर्मामीटर मुलांच्या हातात द्या. दर पाच मिनिटांनी वाचन घेऊन वहीत लिहिणं हे काम आठ-नऊ वर्षांचं मूल नीट करतं, आणि बाष्पीभवनाने गारवा का येतो हा प्रश्न आपोआप निघतो.

कॉफीचा डेव्हलपर

हे ऐकून पालक हसतात, पण खरं आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्कॉट विल्यम्स यांनी आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांबरोबर कॉफीने फिल्म डेव्हलप करून दाखवली. काम कॅफीन करत नाही, कॉफीतलं कॅफेइक आम्ल करतं. एका ३०० मिलीच्या टाकीला धुण्याचा सोडा १६ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची शुद्ध पावडर ५ ग्रॅम आणि चिकोरी नसलेली इन्स्टंट कॉफी १२ ग्रॅम, याच क्रमाने विरघळवायचं. २० अंशाला १५ मिनिटं.

धुण्याचा सोडा, खाण्याचा नाही. यात गोंधळ झाला तर चित्र जवळजवळ येतच नाही. सोडा कोरड्या पावडरीचा घ्या. खडे असतील तर त्यांत पाणी धरलेलं असतं, मग वजन पावणेतीन पट लागतं. चघळायच्या संत्र्याच्या गोळ्या चालणार नाहीत. आणि सुरुवात १०० आयएसओच्या फिल्मने करा, ४०० वर धूसरपणा येतो. वास मात्र भयंकर. कॉफी आवडणाऱ्या माणसाने खिडकी उघडी ठेवावी.

कॉफी आहे म्हणजे निर्धोक आहे असं समजू नका. धुण्याच्या सोड्याचं द्रावण डोळ्यांत गेलं तर आग होते. आणि कॉफी फक्त डेव्हलपरची जागा घेते, फिक्सर लागतोच.

मुलं आणि बाटल्या

माझा नियम असा: दहा वर्षांखालच्या मुलांनी रसायन ओतायचं नाही. बघायचं, वेळ मोजायची, तापमान लिहायचं. डी-७६ मध्ये मेटॉल असतं, त्याने काहींच्या त्वचेवर पुरळ येतं, म्हणून मोठ्यांनीही हातमोजे घालावेत. पावडर मिसळताना तोंडावर मास्क. स्वयंपाकाचं भांडं, चमचा, मेजरिंग कप एकदा यात वापरला की तो स्वयंपाकघरात परत जाणार नाही. आणि कितीही सोयीचं वाटलं तरी कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत रसायन भरून ठेवू नका. तहानलेलं मूल लेबल वाचत नाही.

आता वापरलेल्या फिक्सरबद्दल. डेव्हलपर आणि व्हिनेगर भरपूर पाण्याबरोबर संडासात सोडले तर घरगुती प्रमाणात चालतं. फिक्सरमध्ये मात्र तुमच्या फिल्मवरून निघालेली चांदी विरघळलेली असते, आणि विरघळलेली चांदी पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना विषारी असते. आपली राम नदी भूगावकडून बावधन, पाषाण करत मुळेला मिळते, तिच्यात आधीच काय काय येतं ते तुम्ही पुलावरून जाताना बघता. त्यात ही भर नको. फिक्सर एकदा वापरून फेकायचाही नसतो, तो अनेक रोलांना पुरतो. संपल्यावर प्लास्टिकच्या डब्यात साठवा आणि त्यात भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी (स्टीलची चकचकीत नाही, गंजणारी) टाकून आठवडाभर ठेवा. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. भंगारवाले जुने एक्स-रे का विकत घेतात, याचं उत्तरही हेच: त्यांवर चांदी असते.

वर्गात दाखवायचं तर

टाकी, अंधार, चक्री काही नको. रोलची सुरुवातीची बाहेर आलेली जीभ असते ना, तिचे दोन इंच कापा. तिला उजेड लागलेलाच आहे, त्यामुळे वर्गात उजेडातच काम होतं. त्यावर ड्रॉपरने डेव्हलपरचा एक थेंब ठेवा. दोन-तीन मिनिटांत तिथे काळा ठिपका येतो. मग चिमट्याने तो तुकडा पारदर्शक पेल्यातल्या फिक्सरमध्ये सोडा. ठिपक्याभोवतीचा दुधट भाग मुलांच्या डोळ्यांसमोर विरत जातो आणि शेवटी काचेसारख्या पट्टीवर एक काळा ठिपका उरतो. डेव्हलपर काय करतो आणि फिक्सर काय करतो, दोन्ही दहा मिनिटांत कळतं. दुसरा कोरा तुकडा थेट फिक्सरमध्ये टाकून तो पूर्ण स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो ते मुलांकडून मोजून घ्या. त्याच्या दुप्पट वेळ म्हणजे तुमच्या फिक्सरची खरी वेळ. थेंब शिक्षकांनीच ठेवायचा, हे पुन्हा सांगते.

हा प्रयोग झाला की मुलं घरी जाऊन कपाट उघडतात आणि आजी-आजोबांच्या लग्नाच्या निगेटिव्ह घेऊन येतात. त्यांना कडेने धरायला शिकवा, मध्ये बोट लागलं की ठसा कायमचा. या पट्ट्या जपणं फिल्म धुण्याइतकंच महत्त्वाचं. "राजा हरिश्चंद्र"ची आज पूर्ण प्रत नाही. पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं मिळतं, आणि तेही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचं असावं असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तरीही जानेवारी २००३ मध्ये इथे साठवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मना आग लागून कितीतरी चित्रपट गेले. घरातल्या निगेटिव्ह सहसा नायट्रेटच्या नसतात, त्या अशा पेटत नाहीत. त्यांचे शत्रू वेगळे. आपल्या पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी चढते, म्हणून प्लास्टिकच्या घट्ट पिशवीतून काढून कागदी पाकिटात ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती पट्टी खराब व्हायला लागली आहे. ती लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा, कारण तो वास शेजारच्या पट्ट्यांनाही लागतो, आणि त्याच आठवड्यात तिचे फोटो स्कॅन करून घ्या.